पन्नाशीची झोप

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने कुणी केली त्याने साठीवर उगाच आळ घेतला, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. बुद्धी नाठी होते हे खरंच. माझ्या वयाच्या चार बायका देवळात भेटल्या की दोघी तरी चष्मा शोधत असतात आणि तिसरी मला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारते. पण नाठी म्हणजे पळालेली, असा अर्थ मी वर्गात सांगत असे. आणि पळून जाणारं माणूस काही उठलं आणि निघालं असं करत नाही. त्याची गाठोडं बांधायची तयारी कितीतरी आधीपासून गुपचूप चाललेली असते. बुद्धीचंही तसंच असावं. ती गाठोडं बांधायला लागते चाळिशी-पन्नाशीत. आणि त्या वयात आपण काय करत असतो? जागत असतो.

मंडळी, मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली आणि सारा जन्म शाळेत मराठी-इतिहास शिकवलेली बाई. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते औषधोपचार म्हणून वाचू नका. भाचीने काही अभ्यासांची माहिती छापून आणून दिली. ती मी शब्दकोश शेजारी घेऊन सावकाश वाचली, आणि वाचता वाचता आपल्याच घरातली, आपल्याच शिवारातली माणसं डोळ्यांपुढे यायला लागली.

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे. तिथे सरकारी कचेऱ्या आहेत. या कचेऱ्यांतल्या कारकुनांपासून साहेबांपर्यंत हजारो लोकांच्या प्रकृतीची नोंद १९८५ पासून ठेवली जात आहे. त्यातल्या जवळजवळ ८००० लोकांच्या झोपेचा हिशोब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीत किती झोपत होते, साठीत किती, सत्तरीत किती, आणि पुढे त्यातल्या कुणाला स्मृतिभ्रंश झाला. पंचवीस वर्षांत ५२१ जणांना झाला. निदान झालं तेव्हा सरासरी वय ७७. जे लोक पन्नास ते सत्तर या वयात सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपत होते, त्यांच्यात सात तास झोपणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त निघालं.

आता ३० टक्के म्हटल्यावर घाबरून जाऊ नका. शंभरातल्या तिसांना होतो असा त्याचा अर्थ नाही. (टक्केवारीचं गणित आठवीत पक्कं झालं नाही की माणूस जन्मभर वर्तमानपत्राला घाबरतो.) समजा सात तास झोपणाऱ्या शंभरांत सहा-सात जणांना हा आजार झाला असता, तर कमी झोपणाऱ्या शंभरांत आठ-नऊ जणांना होईल, इतकाच फरक. पण हाच फरक लाखांच्या हिशोबात धरला की लहान राहत नाही. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यातही पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

शंका घ्यायला जागा आहेच, आणि ती घ्यावी. कमी झोपेमुळे आजार झाला की आजाराची सुरुवात आतल्या आत झाली होती म्हणून झोप उडाली? मेंदूतली ही पडझड बाहेर दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होते म्हणतात. म्हणूनच पन्नाशीतली नोंद मोलाची. सत्तरीतल्या माणसाची झोप मोजून काही कळत नाही. तेव्हा कोंबडी आधी की अंडं आधी ते सांगता येत नाही. शिवाय 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, धूर, कमी शिक्षण वगैरे. त्या यादीत झोप नाही! म्हणजे अजून पुरावा तेवढा पक्का झालेला नाही. हेही सांगितलंच पाहिजे. नाहीतर सकाळी सकाळी फोनवर येणाऱ्या आरोग्यमंत्रांत आणि या लेखात फरक काय राहिला?

तरीही मी झोपेची बाजू घेते. कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायला जेवढा पुरावा लागतो तेवढा घरातली रीत बदलायला लागत नाही.

झोपेचं आणि आठवणीचं नातं तसं जुनंच माहीत आहे. १९२४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरं पाठ करायला लावली. पाठ करून झोपले तर जास्त लक्षात राहायची. पाठ करून तेवढेच तास जागे राहिले तर जास्त विसरायची. मला तर वाचून हसूच आलं. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचा, पाढे, पावकी, निमकी, आणि जेवून झोपायचं. आमच्या आजीला कॉर्नेल विद्यापीठ ठाऊक नव्हतं. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना मी दरवर्षी सांगायची, पुस्तक मिटा आणि झोपा. ऐकायचं कुणी नाही ते सोडा.

दिवसभरातलं पाहिलं-ऐकलेलं मेंदूत आधी तात्पुरतं ठेवलं जातं, आणि गाढ झोपेत त्यातलं ठेवणीचं जागेवर लावलं जातं, अशी साधारण कल्पना आहे. बाजारातून आणलेल्या पिशव्या ओट्यावर ठेवाव्यात आणि रात्री निवांत डब्यांत भराव्यात, तसं. डबे भरायलाच वेळ मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी ओट्यावर पिशव्यांवर पिशव्या. दुसरी गोष्ट केर काढण्याची. माइकन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा रुंदावते आणि तिथून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर दिवसभराचा कचरा धुऊन जातो. स्मृतिभ्रंशाशी ज्याचा संबंध लावतात ते बीटा-अमायलॉइड या कचऱ्यातच असतं. २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनीही उंदरांवरच प्रयोग केला आणि उलट सांगितलं, झोपेत धुणं कमी होतं म्हणाले. भांडण चालू आहे. शास्त्रज्ञांत भांडण चालू असलं की मला बरं वाटतं. म्हणजे कुणीतरी अजून विचार करतंय. पण माणसांवरचा एक छोटा प्रयोग २०१८ सालचा आहे. वीस निरोगी लोकांना एक रात्र झोपू दिलं नाही, तर मेंदूतलं ते अमायलॉइड सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एका रात्रीत!

मात्र मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेतच ५२६ लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली. सरासरी वय ४०. अकरा वर्षांनी त्यांच्या स्मरणाच्या आणि विचाराच्या चाचण्या घेतल्या. २०२४ साली निष्कर्ष आला. ज्यांची झोप सगळ्यात जास्त तुटक होती अशा १७५ जणांत ४४ जणांची कामगिरी वाईट ठरली. ज्यांची सलग होती अशा १७६ जणांत फक्त १० जणांची. वय, शिक्षण वगैरे वजा करूनही धोका दुपटीहून जास्तच राहिला. आणि गंमत म्हणजे किती तास झोपले याचा तितका संबंध दिसला नाही. तास नव्हे, तुकडे! झोपेचे तुकडे.

हे वाचलं आणि मला आमचं शिवार आठवलं.

वणी-दिंडोरीकडच्या वाचकांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या नातलगांसाठी सांगते. शेतपंपाला लागणारी थ्री फेज वीज आपल्याकडे वर्षानुवर्षं पाळीपाळीने मिळत आली. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बारा-एकला उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जातो. बिबट्याची भीती असते, ती काही नाटकी नव्हे. नाशिक जिल्ह्यात ज्याने बिबट्या पाहिला नाही त्याने निदान त्याच्या पायाचे ठसे तरी पाहिलेत. पंप चालू करायचा. ठिबक असलं तरी व्हॉल्व बदलायला पुन्हा जावं लागतं. मध्येच वीज गेली की थांबायचं. पहाटे येऊन आडवं व्हायचं, तर दूधवाला. फोनवरून पंप चालू करायची यंत्रं आली, चांगली आहेत. पण ज्याचा बाग आहे त्याला पंप चालू झाला की नाही हे बघितल्याशिवाय झोप लागत नाही, आणि ते मी समजू शकते.

द्राक्षबाग म्हणजे तर वर्षभराचं जागरण. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढे पाऊस पडला तर डावणी, ढगाळ राहिलं तर भुरी. रात्री पत्र्यावर थेंब वाजला की घरातला कर्ता उठून बसतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो तेव्हा बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, पहाटे पाणी सोडायचं, मणी तडकू नयेत म्हणून. मार्चमध्ये माल तयार असताना गारपिटीचा धाक. टोमॅटो असला तर पिंपळगाव बसवंतला माल पोचवून रात्री-बेरात्री घरी. हे सगळं कोण करतं? विशीतलं पोर नव्हे, सत्तरीतला म्हातारा नव्हे. चाळीस ते साठ या वयातला माणूस. बरोब्बर ते वय, ज्या वयाची झोप ते शास्त्रज्ञ मोजत आहेत.

दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आहे. जिथे सौर प्रकल्पाची वीज फीडरवर आली तिथे शेतकरी दिवसा पाणी भरतो. या योजनेचं कौतुक करताना सगळे बोलतात ते अनुदानाविषयी आणि युनिटच्या दराविषयी. साप-बिबट्याविषयीही कुणी बोलतं. झोपेविषयी मी अजून एकाही पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही. माझ्या मते दिवसाची वीज ही आधी झोपेची योजना आहे, मग शेतीची. ग्रामसभेत कुणी हे बोललं तर लोक हसतील. हसू देत.

झोपेबद्दल आपण हसतो, हीच खरी अडचण. आपल्या बोलीत झोपणाऱ्याला शब्द बघा. झोपाळू, आळशी, कुंभकर्ण. समर्थांनी तर दासबोधात अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक समासच लिहिला आणि झोपलेल्या माणसांची अशी काही फजिती वर्णिली आहे की वर्गात मुलं पोट धरून हसायची. घरातली चांगली सून कोण? सगळ्यांच्या नंतर निजते आणि सगळ्यांच्या आधी उठते ती. कर्तबगार माणूस कोण? चार तास झोपतो तो. या उलट गीतेत सहाव्या अध्यायात जेवणाबरोबर झोपेचंही माप सांगितलं आहे. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही. पण आपण त्यातली पहिली अर्धी गोष्ट पाठ केली आणि दुसरी सोडून दिली.

जागरणाला माझा विरोध नाही बरं. कोजागिरीला गडावर कावडी येतात, चैत्रात खानदेशातून माणसं रात्र रात्र पायी चालत सप्तशृंगीला येतात. ती एक रात्र, दोन रात्री. मग माणूस घरी जाऊन ढाराढूर झोपतो. ते जागणं मागून घेतलेलं असतं. मी बोलते आहे ते न मागता वर्षानुवर्षं गळ्यात पडणाऱ्या जागण्याबद्दल. आणि हो, लग्नाच्या हंगामात रात्री बारापर्यंत भिंती हादरवणाऱ्या डीजेबद्दलही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातून फार तर पंधरा दिवस. आमच्याकडे हे पंधरा दिवस कुठल्या पंचांगातून मोजतात देव जाणे.

असो. बायकांकडे येते.

पुरुषाची झोप मोडते तेव्हा निदान पंप दिसतो, बॅटरी दिसते. बाईची झोप मोडते ती दिसतच नाही. पोर उठलं, सासऱ्यांना लघवीला न्यायचं, नळाला पाणी रात्री दोनला आलं, कर्ता मळ्यातून आला त्याला चहा. पंचेचाळिशीनंतर पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते, पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. हे तर आमच्या पिढीत कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आणि या सगळ्यावर आता नवं काम आलं आहे. पूर्वी म्हातारी माणसं पासष्टीत जायची. आता ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगतात, आणि त्यांतल्या काहींची बुद्धी आधीच निघून गेलेली असते. त्यांना सांभाळणारी बाई पन्नाशीच्या आसपासची असते.

आमच्या थोरल्या जाऊबाई एक्क्याऐंशीच्या आहेत. घरातले सगळे जाणतात, लपवण्यासारखं काही नाही. चार वर्षांपासून त्यांना हा आजार आहे. दिवसा बऱ्या असतात. दिवे लागले की अस्वस्थ होतात, रात्री दीडला उठून लुगडं नीट करतात आणि म्हणतात, मला घरी सोडा, भाऊ वाट बघत असेल. घर म्हणजे माहेर. तो भाऊ जाऊन तीस वर्षं झाली. त्यांना पुन्हा अंथरुणावर आणायला कधी अर्धा तास लागतो, कधी दोन. हे करते माझी पुतणसून. वय सत्तेचाळीस. रात्री तीन-चार वेळा उठते. सकाळी पाचला चूल, म्हणजे आता गॅस, पेटलेला असतो.

जाऊबाई स्वतः चाळीस वर्षं पहाटे चारला उठल्या, दोन म्हशी, नऊ माणसांच्या भाकरी, सगळ्यांत शेवटी पाठ टेकायच्या. त्यामुळेच त्यांना हे झालं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मावशीलाही असंच झालं होतं. कुणा एका माणसाकडे बोट दाखवून अमुक कारणाने झालं असं सांगता येत नाही, हे त्या अभ्यासांतही स्पष्ट म्हटलं आहे. पण एका आजारी माणसाची रात्र सांभाळताना दुसऱ्या माणसाची म्हातारपणाची शिदोरी खर्ची पडत असेल, तर तो हिशोब कुणीतरी मांडायला नको का? पुतणसून स्वतः मांडणार नाही. परवा मला म्हणाली, "काकू, मला हल्ली काही लक्षातच राहत नाही हो. पोराच्या फीची तारीखसुद्धा विसरले." मी म्हटलं, अगं, तुला काही झालेलं नाही, तुला झोप हवी आहे. एवढं खात्रीने मी बोलू शकते, कारण अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं लक्ष आणि स्मरण मार खातं याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पंचवीस वर्षांनंतरचं काय ते पुढे बघू. आजचं नुकसान तर समोर आहे.

झोपेच्या गोळ्यांचा विषय निघाला होता. डॉक्टरांना न विचारता शेजारणीच्या डब्यातली गोळी घेऊ नये, इतकंच मी म्हणेन. वयस्कर माणसं त्या गोळीच्या अमलात पडतात आणि हाडं मोडून घेतात, हे चार घरांत पाहिलं आहे.

आता घोरणं. घोरणाऱ्याला आपण गाढ झोपलेला समजतो आणि त्याची नक्कल करतो. पण घोरता घोरता ज्याचा श्वास मध्येच थांबतो आणि मग तो गुदमरल्यासारखा दचकतो, त्याची झोप रात्रभर तुकडे होत असते, आणि त्याला पत्ताही नसतो. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलात डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली होती. हे आजारी लोक नव्हते, नेहमीच्या तपासणीला आलेले धडधाकट होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण विकार असलेल्यांचं ७.५ टक्के. पाचातला एक! या विकाराने रक्तदाब वाढतो, आणि रक्तदाब तर त्या चौदांच्या यादीत आहेच. म्हणजे झोप पुढच्या दाराने यादीत आली नाही तरी मागच्या दाराने येतेच. याच्यावर उपाय आहेत. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, आणि गरज पडली तर नाकाला लावून हवा देणारं यंत्र. रात्रभर यंत्र लावून करायची तपासणी नाशिकला होते. आपल्या घराण्यातले चार पुरुष तरी आत्ता हे वाचून आपल्या बायकोकडे बघत असतील.

दुपारच्या झोपेबद्दल मात्र चांगली बातमी आहे. चेन्नईत गरीब वस्तीतल्या ४५२ लोकांवर एक अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असायची, पण झोप जेमतेम साडेपाच तास, कारण उकाडा, डास, गोंगाट. त्यांना डोळ्यांवर पट्ट्या, कानात बोळे, पंखे वगैरे देऊन रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवली. कामात काही फरक पडला नाही! पण दुपारी कामाच्या ठिकाणी निवांत जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तर काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मनही बरं राहिलं. रात्रीच्या तुकड्यांत आणखी तुकडा जोडून उपयोग नाही, सलग अर्धा तास मिळाला तर आहे, असं मी त्यातून समजले. वामकुक्षीवरून पुणेकरांची आपण इतकी वर्षं टिंगल केली. ती आता जरा आवरती घेऊ. फक्त एक प्रश्न. घरात वामकुक्षी कोण घेतं? जेवून उठलेला पुरुष. तेव्हा भांडी कोण घासत असतं?

तर आता घरच्यांसाठी. पुण्याचा धाकटा पुतण्या, नाशिकची पुतणी आणि तिकडे न्यू जर्सीला असलेली नातवंडं हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम इथेच लिहिते. फोनवर सांगितलं की "हो काकू, बघू" होतं.

जाऊबाईंच्या रात्री वाटून घ्यायच्या आहेत. सोमवार आणि गुरुवार माझ्याकडे. मी चौऱ्याहत्तरची आहे, माझी झोप आता तशीही पहाटे तीनला संपते, आणि जाऊबाईंना मी माहेरच्या गोष्टी सांगितल्या की त्या शांत बसतात, कारण मला त्यांच्या भावाचं घर माहीत आहे. म्हाताऱ्यांना झोप लागत नाही असं नव्हे, पण माझ्या झोपेचा जमाखर्च बहुतेक होऊन गेलेला आहे. पुतणसुनेचा व्हायचा आहे. उरलेल्या पाच रात्रींपैकी तीन रात्रींसाठी गावातल्या एक मावशी यायला तयार आहेत. त्यांचे पैसे तिघा भावंडांनी सारखे द्यायचे. पुतणसून घरीच असते, तिला कशाला पैसे लागतात, असला हिशोब कुणी करू नये. शनिवार-रविवार नाशिकची पुतणी येईल. आई तिचीही आहे. ज्या रात्री पुतणसुनेची पाळी नाही त्या रात्री तिने माडीवर दार लावून झोपायचं, आणि खालून कितीही हाका आल्या तरी उतरायचं नाही. मी असेन.

थोरला पुतण्या हे वाचणार नाही, त्याला वेळ नसतो. पुतणसुनेने वाचून दाखवावं. बाबा रे, तू घोरतोस आणि मध्येच थांबतोस, हे मी जाऊबाईंच्या खोलीत झोपले होते तेव्हा भिंतीपलीकडून ऐकलं आहे. छाटणी झाल्यावर बघू म्हणशील. छाटणी झाली की फवारणी, फवारणी झाली की थंडी. तेव्हा पुढच्या आठवड्यात दिवसाच्या विजेची पाळी आहे, त्यातला मंगळवार मी धरला आहे. सकाळच्या एसटीने जाऊ, तपासणीचं यंत्र घरी नेऊ देतात का ते विचारू, आणि संध्याकाळच्या आत परत.